जंतुभक्षक विषाणू : तो जंतूला कसा चिकटतो व शेतकऱ्यास त्याचे प्रयोजन काय

चांगले तापवून कोमट केलेले दूध, नेहमीचेच विरजण व नेहमीचीच ऊब असूनही एखादे दिवशी दही लागत नाही. सकाळी झाकण काढून पाहावे तो दूध पातळच असते. घरी हा प्रकार क्वचित घडतो व नुकसान एका भांड्यावर भागते. परंतु दुग्धशाळेत एकच विरजण रोज वाढवून रोज वापरीत असता असे घडले, तर त्या दिवसाचे सर्वच दूध अडचणीत येते. याची कारणे अनेक असू शकतात. त्यांपैकी एक कारण असे की, दूध आंबवणाऱ्या जंतूंनाच रोग झालेला असतो.

जंतूंनाही रोग होतो ही गोष्ट पुष्कळांस नवलाची वाटेल. जंतूंना रोग आणणाऱ्या या अतिसूक्ष्म विषाणूंना जंतुभक्षक असे म्हणतात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतकऱ्याचा त्यांच्याशी अनेक ठिकाणी संबंध येतो : दुधाच्या भांड्यात, सिल्लोडकडील मिरचीच्या व टोमॅटोच्या शेतात, डाळिंबाच्या बागेत आणि तूर-सोयाबीनच्या मुळांशी. कोठे तो अपकारक ठरतो, तर कोठे उपकारक ठरण्याची आशा आहे. पिकांच्या रोगांवर जंतुभक्षकांची फवारणी करावी असे विचार अलीकडे वाचनात येतात. त्यांची योग्य पारख करावयाची असेल, तर जंतुभक्षक आपल्या जंतूला कसा चिकटतो हे प्रथम समजून घेतले पाहिजे. त्याचे सारे बळ व सारी मर्यादा या एका क्रियेत सामावलेली आहे.

जंतुभक्षक म्हणजे काय?

जंतू डोळ्यांना दिसत नाही. एका मिलिमीटरच्या लांबीत साधारण पाचशे कोलाय जंतू टोकाला टोक लावून मावतील. जंतुभक्षक त्याहूनही लहान असतो. ज्याचा अभ्यास सर्वांत अधिक झाला आहे तो ‘टी-४’ नावाचा भक्षक शेपटीसह सुमारे २०० नॅनोमीटर लांब आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय. म्हणजे असे पाच हजार भक्षक एका मिलिमीटरमध्ये ओळीने बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत. त्यांसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

जंतुभक्षकांच्या शोधाच्या इतिहासात भारताचे नाव आरंभीच येते. आग्रा येथे काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञाने १८९६ साली असे प्रसिद्ध केले की, गंगा व यमुना यांच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, पण तेच पाणी उकळले की त्याचा हा गुण जातो. त्यामागे जंतुभक्षकच होते की काय, याविषयी आजही मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी १९१५ साली व फ्रान्समध्ये देरेल यांनी १९१७ साली जंतूंना नष्ट करणाऱ्या या घटकाचे स्पष्ट वर्णन केले. जेथे जंतू आहेत तेथे त्यांचे भक्षकही असतात, असे त्यानंतरच्या संशोधनात सर्वत्र दिसून आले आहे. गोदावरीचे पाणी, उकिरडा, शेतातील माती, गुरांचे शेण ही सर्व त्यांची वसतिस्थाने होत. मात्र यावरून नदीचे पाणी आपोआप शुद्ध होते असा समज कोणी करून घेऊ नये. पिण्याचे पाणी उकळूनच अथवा औषध टाकूनच घ्यावे.

चिकटण्याच्या पायऱ्या

जंतुभक्षकाला पाय नाहीत, पंख नाहीत, पोहण्याचे साधन नाही. पाण्याच्या कणांचे धक्के खात तो इकडेतिकडे हेलकावत असतो. त्यामुळे त्याची व जंतूची गाठ ही केवळ योगायोगाची असते. जंतू दाट असतील व भक्षकही पुष्कळ असतील, तर भेटी वारंवार होतात. दोन्ही विरळ असतील तर फार क्वचित होतात. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवावी.

भेट झाली म्हणजे लगेच लागण झाली असे नाही. आघाड्याच्या झाडाजवळून गेले असता त्याचे बी धोतराला चिकटते, पण म्हशीच्या तुळतुळीत अंगाला चिकटत नाही. बी तेच, फरक पडतो तो समोरच्या पृष्ठभागामुळे. जंतूच्या अंगावरही निरनिराळ्या तऱ्हेचे पृष्ठभाग असतात. काही जंतूंच्या बाह्य आवरणातून शर्करेच्या साखळ्या बाहेर डोकावत असतात. काहींच्या आवरणात अन्न आत घेण्यासाठी प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. काहींना केसांसारखे तंतू असतात व त्यांच्या आधारे ते सरकतात. प्रत्येक जातीचा भक्षक यांपैकी ठरावीक खूणच ओळखतो. ती खूण असली तर तो चिकटतो. नसली तर शेजारून निघून जातो.

टी-४ भक्षकाच्या बाबतीत या क्रियेच्या दोन पायऱ्या स्पष्ट दिसतात. गुरे पाळणाऱ्यास गोचिडाच्या उदाहरणावरून त्या सहज ध्यानात येतील. गोचीड प्रथम पायांनी जनावराच्या अंगावर चालते. या वेळी ती झटकली तर खाली पडते. योग्य जागा सापडली की ती तोंड रुतवते. मग ती सहजासहजी सुटत नाही. टी-४ ला शेपटीच्या टोकाशी सहा लांब तंतू असतात. त्यांनी तो कोलाय जंतूच्या आवरणावरील शर्करेची साखळी अथवा विशिष्ट प्रथिनाचे दार चाचपतो. ही पकड सैल असते व ती सुटू शकते. अनेक तंतूंची पकड एकाच वेळी बसली म्हणजे शेपटीच्या तळाशी असलेली चकती जंतूच्या जवळ येते, सहा आखूड तंतू बाहेर येऊन आवरणात घट्ट रुततात आणि मग सुटका नाही. चकतीचा आकार बदलतो, शेपटीवरील आवरण आखडते व आतील पोकळ नळी जंतूच्या भिंतीतून आत घुसते. डोक्यात साठवलेले आनुवंशिक द्रव्य त्या नळीतून जंतूत उतरते.

भक्षकाचे कवच मात्र बाहेरच राहते. १९५२ साली अमेरिकेत हर्शी व चेस यांनी हे एका साध्या युक्तीने दाखवले. भक्षक जंतूंना चिकटल्यावर त्यांनी ते मिश्रण स्वयंपाकघरातील घुसळण-यंत्रात घुसळले. बाहेरची कवचे झटकली गेली, तरीही जंतूंत लागण पुढे चालूच राहिली. आत गेलेले द्रव्यच पुढील पिढीचे काम करते, हे त्यावरून सिद्ध झाले. ते द्रव्य जंतूच्या यंत्रणेवर ताबा मिळवते. अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासाच्या आसपास जंतू फुटून शंभराच्या घरात नवे भक्षक बाहेर पडतात व पुन्हा नव्या जंतूच्या भेटीची वाट पाहू लागतात.

सर्वच भक्षक याप्रमाणे जंतू लगेच फोडत नाहीत. काही जंतूच्या आनुवंशिक द्रव्यात मिसळून पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप राहतात. रोगनियंत्रणासाठी असे भक्षक उपयोगी पडत नाहीत.

जंतू दार बदलतो

इतका प्रभावी शत्रू असता जंतू अजून नामशेष का झाले नाहीत, असा प्रश्न येथे साहजिकच उद्भवतो. त्याचे एक मुख्य कारण असे की, जंतू आपली खूण बदलू शकतात. ल्युरिया व डेलब्रुक यांनी १९४३ साली दाखवून दिले की, भक्षकाला दाद न देणारे थोडे जंतू भक्षक येण्यापूर्वीच त्या समूहात असतात. पेरणीपूर्वीच बियाण्यात भेसळीचे चार दाणे असावेत, तसेच हे आहे. भक्षक बाकीच्यांना संपवतो व हे चार उरलेले वाढून पुन्हा शेत भरून टाकतात.

परंतु दार बदलणे जंतूला फुकट पडत नाही. लॅम्डा नावाचा भक्षक कोलाय जंतूच्या ज्या प्रथिनाला चिकटतो, ते माल्टोज शर्करा आत घेण्याचे दार आहे. ते दार बंद केले तर भक्षक टळतो, पण ते अन्नही नीट मिळत नाही. पिकांच्या बाबतीत हीच गोष्ट फार महत्त्वाची आहे. टोमॅटोची मर आणणाऱ्या राल्स्टोनिया जंतूवर चीनमधील शास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाले. निरनिराळ्या भक्षकांचे मिश्रण वापरले असता रोगाचे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत घटले. आणि जे जंतू भक्षकांपासून बचावले, त्यांची वाढ मंदावलेली दिसली. एकच भक्षक वापरण्यापेक्षा अनेकांचे मिश्रण का वापरावे, याचे उत्तर येथे मिळते. एक दार बंद केले तरी दुसरे उघडे राहते व सर्वच दारे बंद करणे जंतूला झेपत नाही.

भक्षकही स्वस्थ बसत नाही. लॅम्डा भक्षक प्रयोगशाळेत काही दिवसांतच बदलून दुसऱ्याच दारातून शिरू लागल्याचे २०१२ साली आढळून आले. ही चढाओढ अखंड चालू असते.

दुधाच्या भांड्यात

दही लावणाऱ्या जंतूंचे भक्षक बहुधा त्यांच्या भिंतीवरील शर्करेच्या साखळ्यांना चिकटतात. यांतील पुष्कळांना लागणीसाठी चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो आणि दुधात तो विपुल असतो. त्यामुळे दूध हे त्यांना अनुकूल क्षेत्र आहे. न्यूझीलंडमध्ये १९३५ साली व्हाइटहेड व कॉक्स यांनी विरजण अचानक निकामी होण्याचे कारण जंतुभक्षक हे असल्याचे दाखवले. मोठ्या दुग्धशाळा विरजण वाढवताना कॅल्शियम बांधून ठेवणारी फॉस्फेटयुक्त माध्यमे वापरतात व विरजणाचे जंतू आलटून-पालटून बदलतात. भक्षकाला चिकटू द्यावयाचे नाही, हेच या दोन्ही उपायांचे मर्म आहे.

दही न लागण्याचे दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे कासदाह झालेल्या जनावराला प्रतिजैविक औषध दिल्यावर त्याचे दूध वापरणे हे होय. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी पुढील साधी चाचणी करावी. आपलेच विरजण दुसऱ्या घरच्या खात्रीच्या दुधात लावावे आणि दुसऱ्या घरचे चांगले विरजण आपल्या दुधात लावावे. आपले विरजण तेथेही लागले नाही व दुसऱ्याचे विरजण आपल्या दुधात लागले, तर दोष विरजणात आहे. याउलट दुसऱ्याचे विरजणही आपल्या दुधात लागले नाही, तर दोष दुधात असण्याचा संभव अधिक. औषधोपचार चालू असता व त्यानंतर पशुवैद्याने सांगितलेल्या दिवसांपर्यंत ते दूध केंद्रावर घालू नये. तसे करणे ग्राहकाच्या आरोग्यासही घातक आहे.

विरजणात दोष आढळल्यास जुने विरजण टाकून द्यावे व वेगळ्या ठिकाणचे नवे आणावे. भांडी घासून उकळत्या पाण्याने धुवावीत व उन्हात वाळवावीत. पाश्चरीकरणाच्या उष्णतेत काही भक्षक टिकून राहतात, म्हणून कोमट पाण्याने विसळणे पुरेसे नाही. दह्याची निवळी विरजणाच्या जागी सांडू देऊ नये. भक्षक तीत मोठ्या संख्येने असू शकतात.

मिरची-टोमॅटोची मर व डाळिंबाचा तेल्या

मर म्हणजे एकच रोग नव्हे. बुरशी, जंतू, मुळांवरील सूत्रकृमी अथवा साचलेले पाणी यांपैकी कशानेही झाड कोमेजते. जंतुभक्षक केवळ जंतूलाच, आणि तेही ठरावीक जंतूलाच, चिकटतो. बुरशीजन्य मर असेल तर त्याचा काडीचाही उपयोग नाही. पाने वळणाऱ्या, विषाणूंमुळे होणाऱ्या चुरडामुरडा रोगावरही तो निरुपयोगी आहे. म्हणून कारण ओळखणे हे पहिले काम होय.

त्यासाठी नुकत्याच कोमेजलेल्या झाडाचे जमिनीलगतचे दोन-तीन इंच खोड स्वच्छ धारदार चाकूने कापावे आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन त्याचे एक टोक त्यात बुडेल असे न हलवता धरावे. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरट धार खाली उतरू लागली, तर मर जंतूंमुळे आहे असे समजावे. धार न दिसल्यास दुसऱ्या कारणांचा शोध घ्यावा व नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडे न्यावा. जंतूजन्य मर ठरल्यास रोगट झाडे मुळांसह काढून नष्ट करावीत, त्या वाफ्यातील पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नये, निचरा सुधारावा आणि पुढील हंगामांत मिरची, टोमॅटो, वांगी, बटाटा यांऐवजी मका अगर ज्वारी घ्यावी.

डाळिंबाचा तेल्या हाही जंतूजन्य रोग आहे. पानांवर व फळांवर तेलकट डाग पडणे व पुढे फळ तडकणे ही त्याची लक्षणे. झँथोमोनास वर्गातील जंतू तो आणतो. याच वर्गातील जंतूंमुळे टोमॅटो व मिरचीवर पडणाऱ्या ठिपक्यांसाठी अमेरिकेत २००५ साली जंतुभक्षकांच्या औषधाला नोंदणी मिळाली. परंतु टोमॅटोवरील जंतूचा भक्षक डाळिंबावरील जंतूला चिकटेलच असे मुळीच नाही. त्यांच्या अंगावरील खुणा वेगळ्या असू शकतात. इतकेच नव्हे, तर एका बागेतील जंतूला चिकटणारा भक्षक दुसऱ्या बागेतील जंतूला चिकटतो की नाही, हेही तपासावे लागते.

पानांवर आणखी अडचणी आहेत. कडक ऊन भक्षकाला लवकर निकामी करते, पान कोरडे झाले की भेटीच थांबतात आणि ताम्रयुक्त औषधेही त्याला मारक आहेत. फ्लोरिडात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत भक्षकांच्या फवाऱ्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळल्याने ते पानावर अधिक काळ टिकले. संध्याकाळी फवारणी केल्यानेही लाभ होतो. आपल्याकडे बोर्डो मिश्रणाची फवारणी नित्याची असल्याने, दोहोंचा मेळ घालणे हा एक अवघड प्रश्नच आहे. सोलापूर येथे २००५ पासून डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र कार्य करीत आहे. तेल्यासाठी तेथील शिफारशींचाच अवलंब करावा : निरोगी रोपे, बागेस विश्रांती, रोगट फांद्यांची छाटणी व प्रत्येक झाडानंतर कात्रीचे निर्जंतुकीकरण.

मुळांवरील गाठी व जनावरांची फाशी

तूर व सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र पिकास देणारा रायझोबियम हा आपला मित्रजंतू होय. त्याचेही भक्षक मातीत असतात. भक्षक खूण पाहून चिकटतो. जंतू मित्र की शत्रू हे तो पाहत नाही. मातीत विरळ असलेल्या जंतूंची व भक्षकांची गाठ क्वचितच पडत असल्याने बहुधा मोठी हानी होत नाही. गाठी कमी येण्याची नित्याची कारणे वेगळीच असतात : जुने झालेले पाकीट, उन्हात ठेवलेले संवर्धन, अथवा बुरशीनाशक व संवर्धन एकदमच चोळणे. बियाण्यास बुरशीनाशक आधी लावावे, संवर्धन शेवटी लावावे, बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे.

नेमकेपणाचा एक मोठा उपयोग निदानात होतो. जनावरांच्या फाशी रोगाचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, जंतू ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत १९५५ पासून ‘गॅमा’ नावाचा भक्षक वापरला जातो. तो या जंतूच्या भिंतीवरील एका प्रथिनाला चिकटतो व त्यास फोडतो. दिसण्यात तशाच असलेल्या इतर जंतूंना बहुधा सोडून देतो. निदान प्रयोगशाळेचे काम आहे. गावात जनावर अकस्मात मेले व नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर ते फाडू नये, कातडे काढू नये. त्वरित पशुधन विकास अधिकाऱ्यास कळवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विचारावयाचे प्रश्न

जंतुभक्षकांचे कोणतेही औषध कोणी गावात आणल्यास शेतकरी बंधूंनी व कार्यकर्त्यांनी पुढील प्रश्न विचारावेत :

१. हे औषध कोणत्या पिकाच्या कोणत्या जंतूवर आहे? ‘सर्व रोगांवर’ असे उत्तर मिळाल्यास ते घेऊ नये. सर्व रोगांवर चालणारा जंतुभक्षक असूच शकत नाही.

२. आपल्या शेतातील रोग जंतूजन्य असल्याची खात्री झाली आहे काय?

३. आपल्या भागातील जंतूवर त्याची चाचणी झाली आहे काय, व त्यात एकापेक्षा अधिक भक्षक आहेत काय?

४. त्यास शासकीय नोंदणी व कृषी विद्यापीठाची शिफारस आहे काय?

५. ते थंड जागी साठवले होते काय? फवारणी केव्हा करावयाची व ताम्रयुक्त औषधापासून किती दिवसांचे अंतर ठेवावयाचे?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्याखेरीज पैसे खर्च करू नयेत. आणि उत्तरे मिळाली तरी प्रथम चार ओळींवर प्रयोग करून पाहावा व शेजारच्या चार ओळी फवारणीवाचून ठेवाव्यात. जंतुभक्षक आपले दार ओळखल्याशिवाय जंतूच्या घरात शिरत नाही. आपणही रोगाचे कारण ओळखल्याशिवाय औषधाच्या दुकानात शिरू नये.